समुद्र तापला की खाडीतल्या जिवांनी जायचं कुठे?

कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि गॅस जाळून आपण जी जादा उष्णता पृथ्वीभोवती अडकवून ठेवली, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडकडे जाताना दोन्ही बाजूंना दिसणारी ठाणे खाडी हे त्याच समुद्राचं जमिनीत शिरलेलं टोक. एप्रिल-मे महिन्यांत ठाण्यात जो उकाडा आपण सोसतो, तो समुद्राने आपला वाटा उचलल्यानंतर उरलेला आहे. समुद्राने एवढं ओझं घेतलं नसतं तर जमिनीवरची परिस्थिती आज कितीतरी कठीण असती.

पण घेतलेली उष्णता कुठे नाहीशी होत नाही. ती पाण्यात राहते, पाण्याचं वागणं बदलते आणि तिथून ती पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लवकांपर्यंत, माशांपर्यंत, तिवरांपर्यंत, फ्लेमिंगोंपर्यंत पोचते. ही साखळी कशी चालते ते इथे समजून घेऊ.

माझं म्हणणं आधीच सांगते. हवामान बदललं म्हणजे सजीव लगेच संपतात असं नाही. पृथ्वीच्या इतिहासात समुद्र अनेकदा चढला आणि उतरला, तापला आणि गार झाला. प्रत्येक वेळी ज्यांना सरकता आलं ते टिकले. कुणी गार पाण्याकडे गेलं, कुणी खोल पाण्यात, कुणी जरा उंच जमिनीवर. आजची अडचण दुहेरी आहे. बदलाचा वेग फार आहे आणि सरकायला जागा उरत नाही. वेग साऱ्या जगाच्या धुराड्यांवर ठरतो. जागेचा निर्णय मात्र बऱ्याच अंशी ठाणे आणि नवी मुंबईसारख्या शहरांतच होतो.

एक अंश म्हणजे किती?

पाणी तापायला खूप उष्णता लागते. सगळ्या वातावरणात मिळून जेवढी उष्णता मावते, तेवढी समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर थरात मावते. त्यामुळे समुद्राचं तापमान एका अंशाने वाढलं हे वाक्य ऐकायला साधं वाटलं, तरी त्यामागे प्रचंड उष्णता असते.

आपल्या बाजूची आकडेवारी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मांडली आहे. उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंश सेल्सिअसने वाढलं. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ या काळात जून ते सप्टेंबर या महिन्यांत १.२ अंशांनी तापला.

माणसाला एक अंशाचा फरक जाणवतही नाही, कारण आपलं शरीर आतलं तापमान स्वतः सांभाळतं. बहुतेक माशांना ती सोय नाही. पाणी जितकं गरम, तितकं त्यांचं शरीर गरम. शरीर गरम झालं की आतली सगळी कामं वेगाने चालतात आणि प्राणवायू जास्त लागतो. नेमक्या त्याच वेळी गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. ही ओढाताण मोठ्या अंगाच्या माशांना आधी जाणवते. १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत जगातल्या समुद्रांमधला प्राणवायू सुमारे दोन टक्क्यांनी घटला आहे. सरासरी म्हणून हा आकडा लहान दिसतो, पण ही घट सगळीकडे सारखी नाही. जिथे आधीच कमी होता तिथे ती जिवावर बेतते.

आणि जिथे आधीच कमी होता अशा जागांमध्ये आपला अरबी समुद्र फार वर आहे. साधारण दोनशे मीटरपासून हजारेक मीटर खोलीपर्यंत त्याच्यात एक जाड पट्टा आहे, जिथे प्राणवायू जवळजवळ नसतोच. हा पट्टा नैसर्गिक आहे, माणसाने तयार केलेला नाही. मात्र वरचं पाणी तापत गेलं तर तो पसरायला आणि वर सरकायला मदत होते. तसं झालं की माशांना राहता येईल असा वरचा थर पातळ होत जातो.

वरचं पाणी आणि खालचं पाणी

आता सगळ्यात महत्त्वाच्या भागाकडे येऊ. मला विचाराल तर समुद्राच्या तापण्यातली ही गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते आणि सर्वांत दूरवर परिणाम करते.

आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी घेऊन वरून गरम पाणी हलक्या हाताने सोडलं, तर वरचं पाणी चटका देतं आणि तळाचं गारच राहतं. हात घालून ढवळेपर्यंत दोन्ही मिसळत नाहीत, कारण गरम पाणी हलकं असतं आणि वरच तरंगतं. समुद्रात हे ढवळण्याचं काम वारा आणि थंडी करतात.

हे ढवळणं थांबलं तर काय बिघडतं? समुद्रातलं खत तळाशी असतं. मेलेले जीव, विष्ठा, कुजलेलं सगळं खाली जातं आणि तिथे नायट्रेट, फॉस्फेट साठत राहतं. सूर्यप्रकाश मात्र फक्त वर मिळतो. समुद्रातल्या सगळ्या अन्नाची सुरुवात ज्या सूक्ष्म वनस्पतींपासून होते, त्या वनस्पतीप्लवकांना दोन्ही लागतं, वरचा उजेड आणि खालचं खत. पाणी ढवळलं गेलं तरच ही भेट होते.

अरबी समुद्रात ही भेट वर्षातून दोनदा जोरात घडते. एकदा पावसाळ्यात, जेव्हा नैऋत्येचा वारा किनाऱ्याजवळचं वरचं पाणी लोटून नेतो आणि त्याच्या जागी खालचं गार, खतयुक्त पाणी वर येतं. सोमालिया, ओमान आणि आपल्याकडे केरळचा किनारा यासाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्यांदा हिवाळ्यात, जेव्हा उत्तरेकडून येणारा कोरडा, गार वारा अरबी समुद्राच्या वरच्या अंगाचं पाणी गार करतो. गार झालेलं पाणी जड होऊन बुडतं आणि खालचं वर येतं.

वरचा थर सतत गरम राहू लागला की ही दोन्ही ढवळणी कमजोर पडतात. रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्याच गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पतीप्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले आहेत. जगातल्या फार समृद्ध समुद्रांपैकी हा एक. तिथे गवतच कमी उगवत असेल तर त्यावर चरणाऱ्यांचं काय होणार हे वेगळं सांगायला नको.

उत्तर अरबी समुद्रात प्रकरण आणखी वेगळं वळण घेतं. मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं इथल्या प्लवकांचा अभ्यास केला आहे. हिमालयातलं बर्फाचं आच्छादन कमी होत गेलं तसा हिवाळ्यात तिकडून येणारा वारा पूर्वीइतका गार आणि कोरडा राहिला नाही, हे त्यांनी मांडलं. पाण्याचं ढवळणं कमी झालं. पूर्वी हिवाळ्यात जिथे डायटम नावाचे काचेसारखं कवच असलेले प्लवक भरभरून वाढायचे, तिथे नॉक्टिलुका हा वेगळाच जीव पसरला. कमी प्राणवायू त्याला चालतो. तो दुसऱ्या प्लवकांना खातो आणि त्याच्या पोटात राहणाऱ्या हिरव्या जिवांकडून अन्नही मिळवतो.

२०२० च्या नोव्हेंबरात मुंबई आणि कोकणच्या काही किनाऱ्यांवर रात्री लाटा निळ्या चमकत होत्या, ते आठवत असेल. ती नॉक्टिलुकाचीच करामत. किनाऱ्याजवळ त्याला सांडपाण्यातल्या खताचीही मदत होते, त्यामुळे प्रत्येक चमकत्या लाटेचा दोष एकट्या हवामानबदलावर टाकता येणार नाही. दृश्य सुंदर होतं, लोक मुद्दाम बघायला गेले, यात काही वावगं नाही. पण डायटम खाणारे छोटे कवचधारी जीव, म्हणजे पुढे माशांचं खाणं, नॉक्टिलुकाला फारसं तोंड लावत नाहीत. त्याला खातात ते जेलीफिश आणि त्यांच्यासारखेच पारदर्शक, लिबलिबीत जीव. म्हणजे अन्न तयार होतं, पण ते कोळ्याच्या जाळ्यापर्यंत नेणारा रस्ता बदलतो.

उत्तरेला वाट बंद

पाणी तापलं की समुद्रातले प्राणी जमिनीवरच्या प्राण्यांपेक्षा चटकन जागा बदलतात. पाण्यात कुंपणं नाहीत, महामार्ग नाहीत. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर समुद्राच्या वरच्या थरातले जीव १९५० च्या दशकापासून दर दहा वर्षांना सरासरी पन्नासेक किलोमीटर ध्रुवांकडे सरकले आहेत.

अटलांटिक किंवा पॅसिफिकमधल्या माशाला उत्तरेकडे मोकळं, गार पाणी मिळत जातं. आता आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा. अरबी समुद्राच्या उत्तरेला गुजरात, पाकिस्तान, इराण. पुढे पाणीच नाही. आपल्या समुद्रातल्या माशाला उत्तरेकडे थोडंच जाता येतं, नंतर जमीन आडवी येते. उरतो तो खोल जाण्याचा मार्ग, आणि खाली तर प्राणवायू नसलेला पट्टा आहे. एकीकडे जमीन, खाली गुदमरणारं पाणी, वरून तापलेला थर. जगातल्या फार थोड्या समुद्रांची अशी कोंडी आहे.

तारलीचं उदाहरण घ्या. ही मूळची केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याची मासळी. गेल्या काही दशकांत ती उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही चांगल्या प्रमाणात मिळू लागली. दुसरीकडे केरळात २०१२ नंतर तिचं उत्पादन कोसळलं. एल निनो (पॅसिफिक महासागर अधूनमधून तापतो ती घटना), बदललेलं पाणी आणि वाढण्याआधीच पकडलेली पिल्लं, सगळ्यांचा त्यात हात होता.

इथे जरा थांबून एक गोष्ट स्पष्ट केलीच पाहिजे. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या जुन्या जाणत्या कोळीदादांना विचारलं की खाडीतली मासळी का आटली, तर ते हवामानबदलाचं नाव आधी घेणार नाहीत. ते कारखान्यांच्या रसायनांचं, शहराच्या सांडपाण्याचं, भरावाचं आणि साचत गेलेल्या गाळाचं नाव घेतील. आणि ते बरोबर आहेत. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा १९६० च्या दशकात उभा राहिला, तेव्हापासूनचा भार या खाडीने सोसला आहे. बाहेर समुद्रात मोठ्या ट्रॉलरांनी आणि बारीक आसाच्या जाळ्यांनी केलेलं नुकसानही खरं आहे. पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित केलं गेलं ते त्याला जपण्याची वेळ आली म्हणूनच.

मग तापमानाचं काय? ते या सगळ्यावर वरून बसतं. सांडपाण्यामुळे प्राणवायू आधीच घटलेल्या पाण्यात जो मासा कसाबसा तग धरून असतो, तो पाणी दोन अंशांनी तापल्यावर धरू शकत नाही. म्हणूनच खाडीत जाणारं सांडपाणी शुद्ध करणं हे हवामानबदलाशी झुंजायचंच काम आहे, असं मी ठामपणे मानते. पृथ्वीचं तापमान महापालिका कमी करू शकत नाही, पण खाडीतला प्राणवायू वाढवू शकते.

वादळांचा मुद्दा याच तापण्यातून येतो. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम पाणी लागतं. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागरापेक्षा शांत मानला जाई. २००१ ते २०१९ या काळात इथल्या चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० ला निसर्ग नावाचं चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईला खेटून गेलं. कोळीवाड्यातल्या कुटुंबाच्या हिशेबात याचा अर्थ होडी किनाऱ्याला बांधून ठेवायचे दिवस वाढले.

कवच आणि प्रवाळ

आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषतो. पाण्यात मिसळला की त्याचं कार्बनिक आम्ल बनतं. औद्योगिक काळाच्या सुरुवातीपासून समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू (पीएच, जितका कमी तितकी आम्लता जास्त) ८.२ वरून ८.१ वर आला. ही मोजपट्टी दहाच्या पटीने चालते, म्हणून एवढ्याशा घटीचा अर्थ आम्लता २५ ते ३० टक्क्यांनी वाढली असा होतो. कालवं, शिंपल्या, तिसऱ्या यांना कवच बनवायला पाण्यातून जो कार्बोनेट लागतो, तो या बदलात कमी पडतो. मोठं कालव काही दिवस निभावून नेतं. त्याची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं पहिल्या दोन-तीन दिवसांत कवच उभं करू शकली नाहीत तर मरतात. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावरच्या कालवांच्या हॅचरीत २००७-०८ च्या सुमारास असंच झालं. पिल्लांचे घाणेच्या घाणे मेले आणि कारण निघालं समुद्रातून आत घेतलेलं आम्लयुक्त पाणी.

प्रवाळाला तर हलताच येत नाही. तो एका जागी चिकटलेला प्राणी, आणि त्याच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला बहुतेक अन्न देतं. नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त आठवडेच्या आठवडे टिकला की हे नातं तुटतं. प्रवाळ शेवाळाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तेव्हा तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत गार झालं तर सावरतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ यानंतर एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरात प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी लाट जाहीर केली. लक्षद्वीपलाही तिचा जबर फटका बसला. सावरायला प्रवाळाला दहाएक वर्षं लागतात आणि लाटा त्याआधीच परतू लागल्या आहेत. जागतिक तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील, दोन अंशांवर ९९ टक्क्यांहून अधिक, असा संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीचा अंदाज आहे. मुंबईत हाजी अली, वरळीच्या खडकांवर आणि मालवणला प्रवाळ आहेत. गढूळ, बदलत्या पाण्यात जगणारे हे प्रवाळ चिवट आहेत, आणि म्हणूनच ते विशेष जपायला हवेत.

कासवांचं थोडक्यात सांगते. रत्नागिरीतल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लू नर होणार की मादी हे घरट्यातल्या वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण एकोणतीस अंशांच्या वर माद्या वाढत जातात. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तरेकडच्या हिरव्या समुद्री कासवांमध्ये कोवळ्या वयातली ९९ टक्के कासवं माद्या असल्याचं २०१८ मध्ये आढळलं. एकही अंडं न फुटता, एकही कासव न मारता एखादी जात अशीही संपण्याच्या दिशेने जाऊ शकते.

खाडीचा चिखल

आता घराजवळ येऊ. ठाणे खाडी सव्वीसेक किलोमीटर लांब. तिचा ऐरोली ते वाशी पुलांदरम्यानचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये भोवतालच्या क्षेत्रासह सुमारे साडेसहा हजार हेक्टरला रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या पाणथळीचा दर्जा मिळाला.

या खाडीचं सगळं वैभव चिखलात आहे. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोनदा. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा त्यावर पंगत बसते. निवटी चिखलावर सरपटत फिरते. ती मासा असूनही ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेते आणि बिळात अंडी घालते. चिंबोऱ्या बिळं उकरून चिखलाला हवा देतात. दूर सायबेरिया आणि आर्क्टिकच्या बाजूने आलेले छोटे पक्षी चिखलात चोच खुपसून किडे, शिंपल्या वेचतात. धाकटे रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, चोच उलटी धरून पाणी गाळतात आणि त्यातलं निळं-हिरवं शेवाळ खातात.

फ्लेमिंगो वाढले म्हणजे खाडी निरोगी, असं पुष्कळदा ऐकू येतं. हा निष्कर्ष घाईचा आहे. सांडपाण्यातल्या खतावर ते शेवाळ फोफावतं, म्हणून त्यांना इथे अन्न मिळतं. शिवाय त्यांचं भवितव्य एकट्या ठाण्याच्या हातात नाही. ते वीण करतात ती मुख्यतः कच्छच्या रणात, आणि तेही पावसाचं पाणी नेमकं उथळ साचलं तरच. कमी पडला तर घरटी होत नाहीत, एकदम फार पडला तर चिखलाची घरटी बुडतात. पाऊस जितका लहरी, तितकी त्यांची वीण बेभरवशाची. आर्क्टिकहून येणाऱ्या पक्ष्यांची वेगळीच अडचण. तिकडे बर्फ लवकर वितळू लागलं, किडे लवकर निघू लागले, आणि पिल्लं अंड्यातून बाहेर येईपर्यंत किड्यांचा भर ओसरलेला असतो. म्हणजे एका पक्ष्याला दोन घरं सांभाळायची आणि दोन्हीकडचं वेळापत्रक बदललेलं.

यात समुद्राची पातळी येते. पातळी का वाढते? एक, तापलेलं पाणी फुगतं. १९७१ ते २०१८ या काळातली साधारण निम्मी वाढ एवढ्या एका कारणाने झाली. दोन, हिमनद्या आणि ध्रुवांकडचे बर्फाचे थर वितळतात. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात दरवर्षी सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढली. नखभर वाढ. पण खाडीकाठ सपाट असतो, म्हणून उभं नखभर म्हणजे आडवं बरंच. भरती-ओहोटी होतच राहते, मात्र चिखल उघडा राहण्याचा वेळ आणि त्याचा विस्तार घटत जातो. पंगतीची जागा आणि वेळ, दोन्ही कमी.

तिवरांकडे याचं उत्तर आहे, आणि मला या झाडाचं फार अप्रूप वाटतं. त्याची मुळं चिखलातून वर डोकावतात आणि हवा घेतात. पानांवरून ते जादा मीठ बाहेर टाकतं. बी झाडावर असतानाच कोंब धरते. भरतीच्या पाण्यातला गाळ या मुळांच्या जाळीत अडकतो आणि जमीन हळूहळू वर उचलली जाते. म्हणजे समुद्र चढला तर कांदळवन, म्हणजे तिवरांसारख्या झाडांचं जंगल, आपल्या पायाखालची जमीनही चढवतं. शिवाय ऑक्सिजन नसलेल्या त्या चिखलात पालापाचोळा कुजत नाही, म्हणून तिथे कार्बन शेकडो वर्षं गाडून राहतो. दर हेक्टरी हा साठा जमिनीवरच्या जंगलापेक्षा कितीतरी जास्त असतो. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष घोषित केलं, तेही कांदळवनातलंच शहाणं झाड.

पण या उंचावण्याला मर्यादा आहे. जुन्या गाळाच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की समुद्र वर्षाला सहा-सात मिलिमीटरहून वेगाने चढू लागला तर तिवरांना जमीन उचलणं झेपत नाही. मग एकच मार्ग उरतो. मागे सरकायचं. बिया उंच जमिनीकडे वाहून जातात, तिथे रुजतात, आणि काही वर्षांत जंगलच चार पावलं आत येतं.

मागे काय आहे?

नवी मुंबईत मागे पामबीच रस्ता आहे, बांध आहेत, संरक्षक भिंती आहेत, इमारती आहेत. ठाण्याच्या बाजूला वस्ती आणि महामार्ग. पुढून पाणी येतं, मागे भिंत. मधला हिरवा पट्टा दोन्हीकडून दाबला जाऊन अरुंद होतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांच्या कत्तलीवर संपूर्ण बंदी कायम केली आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा मोकळा पट्टा राखायला सांगितलं. हा निकाल मोलाचा आहे. त्या ५० मीटरचा हिशेब करून बघू. समजा काठाची जमीन दोनशे मीटर आत गेल्यावर एक मीटरने उंच होते. तर समुद्र २५ सेंटीमीटर चढला की भरतीची रेषा ५० मीटर आत सरकते. हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, उत्सर्जन झपाट्याने कमी केलं तरी या शतकाच्या अखेरीस जगाची सरासरी समुद्रपातळी २८ ते ५५ सेंटीमीटरने वाढेल. फार जास्त उत्सर्जन चालू राहिलं तर ६३ सेंटीमीटर ते एक मीटर. म्हणजे आज लहान असलेल्या मुलांच्या हयातीतच तो पट्टा तिवरांना पूर्ण लागणार आहे. तो आज रिकामा दिसतो म्हणून त्यावर पार्किंग किंवा उद्यान करावं असं वाटणं म्हणजे त्यांची पुढची जागा आताच वापरून टाकणं.

या जागेशी आपलंही कोरडं राहणं जोडलेलं आहे. सिडकोने १९७० पासून नवी मुंबई वसवताना बरीचशी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीखालची होती. म्हणून होल्डिंग पाँड बांधले गेले. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून झडपा बंद होतात, त्या काळात पडलेला पाऊस पाँडमध्ये साठतो, आणि ओहोटी लागली की झडपा उघडून तो खाडीत उतरतो. सगळी योजना एका गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे खाडीची पातळी पाँडपेक्षा खाली असण्याचे तास. समुद्र चढला की ते तास घटतात. पाऊस तेवढाच, किंबहुना कमी वेळात जास्त, आणि बाहेर पडायला अवधी कमी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा भरतीने पाण्याची वाट अडवली की काय होतं हे सगळ्या परिसराने पाहिलं.

म्हणून नेरुळच्या पाणथळी, भांडुप-मुलुंडकडची मिठागरं, उरणकडच्या पाणजे परिसरातल्या उथळ जागा यांच्याकडे पडीक जमीन म्हणून बघू नये. भरतीला खाडीचा चिखल बुडतो तेव्हा पक्षी विश्रांतीला याच उथळ जागी येतात. तिथे जागा नसेल तर त्यांना भरतीभर हवेत घिरट्या घालाव्या लागतात आणि प्रवासासाठी साठवलेली चरबी जळते. उधाणाचं आणि पावसाचं पाणी पसरायलाही हीच जागा लागते, आणि उद्या तिवरांना मागे सरकायचं झालं तर तेही इथेच येऊ शकतात. भराव पडून जमीन काही मीटर उंच झाली की तिन्ही उपयोग एकदम संपतात.

विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात, तेव्हा नकाशावर कांदळवनाचा हिरवा रंग आहे की नाही एवढंच बघून थांबू नका. त्याच्या मागच्या जमिनीला कोणतं आरक्षण दिलंय ते बघा. मधून रस्ता जात असेल तर त्याच्याखालून भरतीचं पाणी आत-बाहेर जायला पुरेसे रुंद पाइप किंवा मोऱ्या दाखवल्या आहेत का ते विचारा. या मोऱ्या तुंबल्या की आतलं पाणी साचून राहतं, हवा घेणारी मुळं बुडतात आणि एकही कुऱ्हाड न चालवता काही महिन्यांत झाडं वाळतात. तुंबलेली मोरी उपसून काढायला एक जेसीबी आणि ओहोटीचे काही तास पुरतात. तेवढ्याने भरती पुन्हा आत येते, गाळ पुन्हा बसू लागतो आणि जी झाडं अजून तग धरून असतात ती पालवतात.